पावसाळ्यात कामाच्या जागी पाय घसरू नये म्हणून: मासळीची शेड, काजूचं युनिट आणि होमस्टे

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की कोकणपट्टीत एकच तक्रार ऐकू येते. मॅट टाकल्या, ब्लीचिंग मारलं, बोर्डही लावला, तरी माणूस पडायचा तो पडलाच. बहुतेक ठिकाणी सामान बरोबर असतं, क्रम उलटा असतो. आधी पाणी आणि तेल येतं तिथे थांबवायचं, मग वाट मोकळी करायची, मग जमीन धुवायची, मग ती खरखरीत करायची, मग पायातलं बघायचं आणि सगळ्यात शेवटी मॅट नि बोर्ड. आपल्याकडे सुरुवातच बोर्डापासून होते, कारण तो दुकानात तयार मिळतो.

## तयारी: कोणतं काम कोणत्या महिन्यात

गवंड्याचं काम मेच्या मध्यापर्यंत उरकायला हवं. नव्या सिमेंटला निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं आणि जमिनीवर कुठलाही रंग किंवा लेप द्यायचा तर ती आतून कोरडी लागते. जूनमध्ये वरून कोरडा दिसणारा कोबा (सिमेंटची जमीन) आतून ओलाच असतो. त्यावर मारलेला रंग श्रावण संपायच्या आत पापुद्र्यांनी सुटतो, आणि सुटलेला पापुद्रा मूळच्या जमिनीपेक्षा जास्त घसरतो.

मासळीच्या शेडवाल्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘बंदीत करू.’ १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, शेड रिकामी, म्हणजे दुरुस्तीला सवड. पण हेच दोन महिने सर्वांत ओले. बंदीच्या काळात धुणं, क्रेटची दुरुस्ती, गमबूट बदलणं ही कामं करा. उतार, गटार आणि रंग त्याआधीच झालेले हवेत.

हाताशी एवढं ठेवा: मोजपट्टी, खडू, पाण्याचा लांब पाईप, खराटा, ताठ नायलॉनचा ब्रश, रबरी पट्टीचा वायपर, धुण्याचा सोडा, ब्लीचिंग पावडर, रबरी हातमोजे आणि एक साधी वही.

## टप्पा १: जागा पाण्याखाली घालून बघा

कोरड्या जमिनीवर धोका दिसत नाही. उन्हाळ्यातच, गवंडी बोलावण्याआधी, पाईप धरून स्वतःच पाऊस पाडा. छपरावर पाणी सोडा, अंगणात सोडा, शेडच्या दारात सोडा. नळ बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि जिथे पाणी साचून राहिलंय त्याच्या कडेने खडूने रेघ ओढा. ओल्यावर खडू उमटत नाही, म्हणून रेघ डबक्याच्या बाहेर, कोरड्या कडेला.

मग ओझ्याची वाट चाला. मासळीचा क्रेट होडीपासून बर्फापर्यंत, काजूची गोणी वखारीपासून कटरपर्यंत, पाहुण्यांचं ताट स्वयंपाकघरातून पडवीपर्यंत. छातीशी क्रेट धरलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत, हे क्रेट उचलून चालल्याशिवाय मालकाला पटत नाही.

फेरीत चहा घेऊन फिरणाऱ्या आणि केर काढणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. कुठे पाय सटकतो हे त्यांना पाठ असतं. त्यांना कोणी विचारलेलं नसतं, इतकंच.

तपासा: प्रत्येक खुणेपुढे वहीत कारण लिहिलंय का? ‘दारात ओलं’ एवढं पुरत नाही. ‘दारात पागोळ्यांचं पाणी उडतं’ असं हवं.

## टप्पा २: पाणी आणि तेल येतं तिथेच अडवा

कौलारू किंवा पत्र्याच्या छपराला पन्हळ नसेल तर पागोळ्यांची एक सरळ रांग जमिनीवर पडते. चार महिने तिथे शेवाळ राहणार, तुम्ही कितीही घासा. आणि ही रांग नेमकी दारासमोर, जिथे माणूस उजेडातून अंधारात किंवा उलट जातो. निदान दारापुरती तरी पन्हळ बसवा आणि तिचं पाणी पाईपने गटारात न्या. पन्हळ बसवूनही काही ठिकाणी वाट ओलीच राहते, कारण पाईपचं तोंड वाटेवरच सोडलेलं असतं.

धुण्याच्या जागी जमिनीला दर मीटरला १ ते २ सेंटीमीटर उतार पुरतो. त्याहून जास्त दिला तर ओल्यात चढउतारच घसरगुंडी होते. उतार गटाराकडे हवा, वाटेकडे नको. गटारावरची जाळी जमिनीच्या पातळीत बसवा. बोटभर वर आलेली जाळी पायाला लागते, खाली गेलेली टाच अडकवते. १९४८ च्या कारखाने अधिनियमात (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली) जिथे कामामुळे जमीन ओली होते तिथे पाण्याचा निचरा करण्याची सक्ती होती (कलम ११), आणि घसरवणारे पदार्थ जमिनीवर राहू न देण्याची वेगळी तरतूद होती (कलम ३२). तुमचं युनिट लहान असेल, कायद्याच्या मोजमापात बसत नसेल, तरी कामांचा क्रम याहून वेगळा नाही.

मासळीच्या शेडमध्ये पाण्याइतकाच त्रास बर्फाच्या चुऱ्याचा. फावड्याने बर्फ भरताना तो सांडतोच. म्हणून बर्फाची पेटी चालत्या वाटेपासून दोन पावलं आत हवी. गळके क्रेट हातात उचलून नेले की सबंध वाटेवर थेंबांची माळ लागते. खाली ताटासारखं पत्र्याचं तळ असलेला गाडा घेतला तर ती थांबते.

काजूच्या युनिटमध्ये कटरखाली टरफलांचं तेल ठिबकतं. हे तेल चिकट असतं, शिवाय कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. तिथे पडलेला माणूस दोन दुखण्यांसह उठतो. प्रत्येक कटरखाली कडा असलेला ट्रे ठेवा, तो पाळी बदलताना रिकामा करा. टरफलं जमिनीवर पडू देऊन नंतर झाडणं ही जुनी खोड आहे, कारण पायाखाली चिरडलेलं टरफल तेल सोडतं.

होमस्टेत पाण्याचा उगम बहुतेकदा न्हाणी आणि मोरी. दाराशी उंबरठ्याऐवजी आतल्या बाजूला उतार आणि जाळी दिली तर बाहेर ओलावा येतच नाही.

## टप्पा ३: वाट मोकळी, पायऱ्या सारख्या

अडखळणं आणि घसरणं ही दोन वेगळी संकटं. जेट्टीवर ती एकत्र येतात: होडीचा दोर वाटेवर आडवा, जाळ्याची गुंडी त्याच्यावर आणि खालची जमीन खवल्यांनी माखलेली. दोरासाठी भिंतीला खुंट्या ठोका, जाळ्यांसाठी कोपरा आखून द्या. पंपाची केबल आणि पाण्याचा पाईप वाट ओलांडत असेल तर तो डोक्यावरून न्या. वर वीटभर सिमेंट टाकून झाकला तर तो नवा उंबरठा झाला.

आता पायऱ्या. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, पायऱ्या आणि पाखाड्या (दगडी पायवाटा) आपल्याकडे हाताच्या अंदाजाने बसवलेल्या असतात. पायरी १५ ते १७ सेंटीमीटर उंच आणि पाऊल ठेवायला २७ ते ३० सेंटीमीटर रुंद असेल तर बरी. पण माणूस उंचीमुळे पडत नाही, फरकामुळे पडतो. पहिल्या दोन पायऱ्यांत पाय माप धरतो आणि पुढच्या न बघता उतरतो. त्यामुळे प्रत्येक पायरी मोजपट्टीने मोजा आणि आकडे वहीत एकाखाली एक लिहा. एखादी एक-दीड सेंटीमीटरनेही वेगळी निघाली तर ती दुरुस्तीच्या यादीत.

फरक बहुधा पहिल्या नाहीतर शेवटच्या पायरीत सापडतो. मधल्या काळात कोणीतरी अंगणात फरशी बसवलेली असते किंवा पडवीत जुन्या कोब्यावर टाइल चढवलेली असते. जमीन उंचावली, पायरी तिथेच राहिली. फरशीचा ठेकेदार हे सांगत नाही.

लगेच दुरुस्ती शक्य नसेल तर तेवढ्या पायरीची कड पिवळ्या रंगाने ठळक करा. सगळ्याच पायऱ्या रंगवल्या तर वेगळी कोणती ते कळत नाही. चारहून जास्त पायऱ्या असतील तर एका बाजूला ९० सेंटीमीटरच्या आसपास उंचीचा कठडा लावा. तो खालच्या पायरीच्या थोडा पुढेपर्यंत यावा, कारण शेवटच्या पावलालाच हात मोकळा पडतो.

पावसाळ्यात वीज जाणार हे धरूनच चाला. जिन्यावर आणि शेडच्या दारात बॅटरीवर चालणारा एकेक दिवा हवा. मोबाइलचा टॉर्च हा उपाय नव्हे, हातात ओझं असतं.

## टप्पा ४: धुणं. प्रत्येक घाणीला वेगळी रीत

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. एकच बादली, एकच फडका, एकच पावडर आणि सगळीकडे तेच. फडका तेल उचलत नाही, पसरवतो. जिथे मूठभर तेल होतं तिथे सबंध खोलीला पातळ थर बसतो आणि मालक म्हणतो, ‘आत्ताच तर पुसलं!’

शेवाळ. जांभ्याचा दगड पाणी धरतो, म्हणून चिऱ्यावर शेवाळ लवकर येतं आणि थोडं दगडाच्या छिद्रांत राहतं. आधी खराट्याने कोरडंच खरवडा आणि निघालेलं उचलून टाका. मग दहा लिटर पाण्यात १०० ते १५० ग्रॅम ब्लीचिंग पावडर ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं निवळ पाणी ओता. पंधरा-वीस मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. ब्लीचिंग ओतून लगेच धुणं म्हणजे पैसे गटारात. जोरदार प्रेशर पंप चिऱ्यावर जपून वापरा, तो दगड मऊ असतो. खड्डे पडले की त्यांत पाणी आणि मग दुप्पट शेवाळ. पावसात हे दर पंधरवड्याला करावं लागतं.

> सावध: ब्लीचिंगमध्ये ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव कधीही मिसळू नका. एकाच जागी एकापाठोपाठसुद्धा नको. विषारी क्लोरीन वायू सुटतो. धुतलेलं पाणी विहिरीकडे जाणार नाही हे आधी पाहा.

मासळीचा चिकटा. आधी खवले, आतडी आणि बर्फ कोरडे ओढून काढा. मग साधं गार किंवा कोमट पाणी. कढत पाणी आधी ओतलं तर मासळीतलं प्रथिन शिजून जमिनीला चिकटतं, अंड्याचा पांढरा भाग तव्याला धरतो तसं. गार पाण्याने चिकटा गेला की धुण्याचा सोडा किंवा साबणाचं पाणी टाकून घासा आणि शेवटी साबण पूर्ण जाईपर्यंत धुवा. उरलेला साबण मासळीच्या चिकट्याइतकाच निसरडा.

बंदरावर खाडीचं पाणी फुकट म्हणून त्यानेच शेवट करतात. त्यातलं मीठ जमिनीवर राहतं, हवेतली ओल ओढतं आणि जमीन दुपारपर्यंत वाळत नाही. शेवटचं धुणं गोड्या पाण्याचं हवं. टंचाई असेल तर निदान चालत्या वाटेपुरतं तरी.

तेल. काजूचं असो की स्वयंपाकघरातलं, त्यावर पहिल्यांदा पाणी टाकायचं नाही. लाकडाचा भुसा टाका, तो तेल पिईपर्यंत थांबा, पत्र्याने ओढून घमेल्यात घ्या. मग गरम पाण्यात सोडा घालून ब्रश मारा आणि धुवा. काजूच्या तेलाला रबरी हातमोजे लागतातच. तेल प्यालेला भुसा लगेच पेटतो, तो बॉयलरजवळ साठवू नका. बॉयलरमधली राख तेलावर टाकायची पद्धत काही युनिटांत आहे. कोरडी असेपर्यंत ती ठीक वाटते. ओली झाली की चिखल होतो.

तपासा: जमीन वाळल्यावर पांढऱ्या कागदाचा तुकडा दाबून फिरवा. कागद तेलकट किंवा चिकट झाला तर धुणं झालेलं नाही, पुढच्या टप्प्याला जाऊ नका.

जेट्टीच्या ज्या पायऱ्या भरतीत बुडतात आणि ओहोटीत उघड्या पडतात, तिथलं हिरवं कायमचं जात नाही आणि तिथे ब्लीचिंग समुद्रात सोडणंही बरं नाही. खरवडा, पकडायला दोर किंवा कठडा द्या आणि ओहोटीच्या वेळी त्या पायऱ्यांवरून ओझं न्यायचंच नाही असा नियम करा. माल वरच्या पातळीवरून दोराने ओढून घ्या.

## टप्पा ५: जमीन खरखरीत करा

आपल्या गवंड्यांचा अभिमान घोटीव कोब्यात असतो. आरशासारखा कोबा केला की काम चांगलं. ओल्या जागेसाठी हेच काम वाईट. नवा कोबा करताना सिमेंट आवळायच्या आधी चालण्याच्या दिशेला आडवा झाडू फिरवून रेघा पाडायला सांगा. तोंडी सांगू नका, समोर उभे राहा. पाठ फिरली की तो सवयीने घोटणार.

जुन्या कोब्यावर मशीनने आडव्या खाचा पाडता येतात. किंवा बारीक वाळू मिसळलेला इपॉक्सी लेप द्या, पण तेल पूर्ण निघालेल्या आणि आतून वाळलेल्या जमिनीवरच. होमस्टेवाल्यांनी बाहेरच्या भागात चकचकीत टाइल बसवूच नयेत. फोटोत ती छान दिसते, पहिल्याच सरीत पाहुणा आडवा. खरबरीत शहाबादी, न घासलेला चिरा किंवा घसरणरोधक म्हणून मिळणारी मॅट टाइल चालेल. टाइल दुकानात कोरडी हाताळून घेऊ नका. तिच्यावर पाणी ओतून ओल्या चपलेने पाय ओढून बघा.

सारवलेलं अंगण पावसात चालायचं नाही. त्यातून वाट काढायचीच असेल तर चिरे पावलाच्या अंतरावर बसवा, त्यांची माथी जमिनीपेक्षा थोडी वर आणि सगळी एका पातळीत.

## टप्पा ६: पायातलं

झिजलेली रबरी स्लीपर हे कोकणातलं सर्रास पायताण आणि ओल्या तेलकट जमिनीवर सगळ्यात वाईट. मासळीच्या शेडमध्ये खोल नक्षीचे गमबूट हवेत. स्वस्त बूट थोड्याच दिवसांत कडक होतात आणि मग घसरतात, म्हणून घेताना तळवा वाकवून बघा. काजूच्या युनिटमध्ये बंद, तेल सोसणारा तळवा हवा, कारण पायावर तेल पडलं तर भाजतं.

बुटाचं माप बाईच्या पायाचं घ्या. एकाच मापाचे पुरुषी बूट सगळ्यांना वाटले की बायका ते पिशवीत ठेवतात आणि स्लीपरवरच काम करतात. वर दोष त्यांनाच. लुगड्याचा किंवा गाऊनचा घोळ पायात येणार नाही असा खोचून घ्यायची सवय बहुतेकींना असते. अडचण रेनकोटच्या लांब घोळाची. तो गुडघ्याखाली येत असेल तर कापा.

तपासा: महिन्यातून एकदा तळवे उलटे करून बघा. नक्षी दिसेनाशी झाली की बूट बाद, वरून कितीही नवा दिसो.

## टप्पा ७: शिडी आणि छप्पर, थोडक्यात

शिडी चार हात उंच टेकत असेल तर पाय भिंतीपासून एक हात लांब. छपरावर चढायचं तर शिडीचं टोक काठाच्या वर तीन फूट हवं. खाली एक माणूस धरायला. चिखलात किंवा फरशीवर गोणपाट टाकून शिडी उभी करू नका, गोणपाटच सरकतं. सिमेंटच्या जुन्या पत्र्यावर थेट पाय ठेवायचा नाही. आधाराच्या लाकडांवर टेकलेल्या फळ्यांवरून चाला. कौलं परतायचं काम पाऊस थांबल्यावर ‘लगेच’ नको, कौलावरचं शेवाळ वाळू द्या.

## टप्पा ८: आता मॅट, बोर्ड आणि रोजची शिस्त

दारात गोणपाट किंवा पुठ्ठा टाकणं सोडा. कोरडा असताना तो पाय पुसतो, भिजला की टाइलवर होडीसारखा निघतो. खाली रबर असलेली, कडा चपट्या मॅट घ्या आणि एक जादा ठेवा म्हणजे भिजलेली बदलता येईल. वळलेली कड दिसली की मॅट फेका.

पुसताना वाटेचा अर्धा भाग पुसा, उरलेला अर्धा कोरडा ठेवा. तो वाळला की दुसरा. दोन बादल्या: एक साबणाची, एक स्वच्छ पाण्याची. पुसून झाल्यावर वायपरने पाणी ओढा. दमट हवेत फरशी आपोआप वाळायची वाट बघितली तर संध्याकाळ होते, पंखा लावा. बोर्ड जमीन ओली असेल तेवढाच वेळ उभा. कायमचा उभा असलेला पिवळा बोर्ड आठवड्यात कोणालाच दिसत नाही.

किलोमागे मजुरी असेल तर साफसफाईचा वेळ कोणाचा, हे आधी ठरवा. सोलाई थांबवून तेल पुसणाऱ्या बाईचे पैसे जात असतील तर ती पुसणार नाही, आणि तिचं चुकत नाही. पाळीतली पंधरा मिनिटं पगारी सफाईची धरा.

## टप्पा ९: कोणी पडलंच तर

पहिली चूक: चार जण धावतात आणि बखोट धरून उभं करतात. हात लावू नका, आधी विचारा. मान, पाठ किंवा कंबर दुखत असेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर तिथेच ठेवा, अंगावर कोरडं पांघरूण घाला, १०८ ला फोन करा. डोकं आपटलं असेल तर उलटी, गुंगी, वाढती डोकेदुखी यांवर त्या रात्रीही कोणीतरी नजर ठेवायची.

त्या दिवसाची हजेरी कापू नका. एकदा कापली की पुढचा माणूस पडल्याचं सांगणार नाही, लंगडत घरी जाईल.

मग जागा धुवायच्या आधी पाहा. पाठीवर किंवा कुल्ल्यावर पडला असेल तर बहुधा घसरला: जमीन आणि पायताण तपासा. हातागुडघ्यांवर पडला असेल तर बहुधा अडखळला: दोर, पायरी, उंबरठा तपासा. कोणत्या टप्प्यातलं काम राहून गेलं ते वहीत लिहा. नुसतं सटकून सावरलेल्यांचीही नोंद त्याच वहीत, तारीख आणि जागेसह. एकाच जागेची दुसरी नोंद आली की तिथे मॅट टाकायची नाही. टप्पा २ पासून पुन्हा सुरू करायचं.